मदत हवी आहे: कुत्र्याला माणसांची डी-३ (ड जीवनसत्त्वाची) कॅप्सूल दिली, आता सारखं पाणी पितोय

नमस्कार. आम्ही रावेर तालुक्यातले, केळीची शेती आहे. शेरू आमचा गावठी कुत्रा, सात महिन्यांचा. मागच्या आठवड्यात केळीच्या काट्यावर उभा केला तर चौदा किलो भरला.

त्याच्या मागच्या पायांवरचे केस जायला लागले, म्हणून शेजारचे काका म्हणाले, जीवनसत्त्व कमी पडलंय. दहा दिवस लहान मुलांचं कॅल्शियमचं औषध दुधातून दिलं. रविवारी सकाळी आईची आठवड्याला एक घ्यायची कॅप्सूल भाकरीच्या तुकड्यात तूप लावून चारली. पाकिटावर ६०,००० युनिट लिहिलंय. सोमवारी रात्रीपासून बादली रिकामी करतोय, ओसरीवरच लघवी करतो. आज बुधवार, दोनदा उलटी झाली, भाकरीला तोंड लावत नाही. ऊन ४३ अंशांवर आहे, त्यामुळे असेल का? की कॅप्सूलमुळे? मीच माझ्या हाताने दिली हो. कोणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

प्रतिसाद:

ताई, उन्हावर ढकलू नका, आजच डॉक्टरांकडे न्या. ६०,००० युनिट म्हणजे दीड मिलिग्रॅम. कुत्र्याला किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास त्रास सुरू होतो. शेरूचं वजन बघता तुम्ही बरोबर त्या रेषेवर आहात, आणि वर कॅल्शियमही चालू होतं. हे जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडावर येतं, तहान आणि उलटी त्याचीच. काही उंदीरमार औषधांत हेच वापरतात, यावरून समजा.

घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका, तीन दिवसांनी त्याचा उपयोग नाही आणि मिठाचाच त्रास होईल. कॅल्शियमचं औषध आणि दूध बंद. पाणी मात्र तोडू नका. दोन्ही पाकिटं सोबत न्या, रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगा. सलाईन लावून कॅल्शियम खाली आणता येतं, पण वेळेत. आजचं वजन करून घ्या, डोस त्यावरच ठरतो.

केसांचं नंतर बघू. बहुतेक वेळा ते खरूज किंवा गोचिडाचं निघतं. क जीवनसत्त्व तर कुत्र्याचं शरीर स्वतःच तयार करतं. मुलांच्या चघळायच्या गोळ्याही देऊ नका, काहींत साखरेऐवजी झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम उतरते. आणि शेवभाजीचा रस्सा भाकरीवर घालत असाल तर तोही थांबवा, कांदा-लसूण त्याच्या रक्ताला घातक.

ताई:

खूप आभार भाऊ. रस्सा रोज घालत होतो, कोणी सांगितलंच नाही. भाच्याला फोन केलाय, तो गाडी घेऊन येतोय, जळगावलाच नेतो. पाकिटं पिशवीत टाकली. आत्ता काट्यावर उभा केला, तेरा किलो भरला.