मागच्या चाकाचे सील पुन्हा पुन्हा गळते आणि घरघर येते. डिफरन्शियल उघडावे का?

सीनाकाठ (मोहोळ तालुका)

नमस्कार. माझ्याकडे २००७ सालची पिकअप आहे. कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या मार्केट यार्डात आठवड्याला तीन-चार खेपा होतात, आणि गाडी ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरली जाते हे मी लपवत नाही. गेल्या आठ महिन्यांत मागच्या डाव्या चाकाचे ऑइल सील दोनदा बदलले, तरीही गिअर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते, ब्रेकचे लायनर भिजतात आणि ब्रेक दाबल्यावर गाडी किंचित उजवीकडे ओढते. शिवाय वेग साठच्या पुढे गेला की मागून घरघर सुरू होते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी ती थांबत नाही, पण उजव्या वळणावर वाढते. मेकॅनिकच्या मते डिफरन्शियलमधील क्राऊन-पिनियन (इंजिनाची ओढ मागच्या चाकांकडे वळवणारी दातेरी चक्रांची जोडी) गेले असून पूर्ण डिफरन्शियल उघडावे लागेल. दुसऱ्या एका कारागिराने झिजलेला एक्सल शाफ्ट वेल्डिंगने भरून लेथवर उतरवून देण्याची तयारी दाखवली आहे. हंगाम तोंडावर आला असल्याने यांपैकी कोणता मार्ग धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना फिटर (सोलापूर)

तुम्ही आवाजाचे वर्णन नीट केले आहे आणि निदान त्यातच दडलेले आहे. क्राऊन-पिनियनचा आवाज सहसा बारीक, शिट्टीसारखा असतो आणि इंजिनाची ओढ बदलली की तोही बदलतो, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा. तुमची घरघर अ‍ॅक्सिलरेटरला दाद देत नाही, आणि उजव्या वळणावर, म्हणजे गाडीचा भार डाव्या बाजूला झुकल्यावर, वाढते. हे डाव्या चाकाच्या बेअरिंगचे लक्षण आहे. तेव्हा डिफरन्शियलला आत्ताच हात लावू देऊ नका. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. ती जोडी एकदा सोडवली की शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या), पिनियनचा प्रीलोड (त्याच्या बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) आणि दात बसण्याची जागा हे सगळे पुन्हा जुळवावे लागते, आणि घाईत जुळवलेल्या जोडीला आधी नसलेला आवाज लागतो.

प्रथम एक्सल कोणत्या प्रकारचा आहे ते पाहा. चाकाच्या मध्यभागी शाफ्टचा गोल फ्लँज स्वतःच्या बोल्टांनी हबवर बसवलेला दिसला, तर तो फुल फ्लोटिंग एक्सल. तिथे गाडीचे वजन हौसिंगच्या (एक्सलच्या बाहेरच्या कवचाच्या) नळीवर असते आणि चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. तसा फ्लँज नसून चाक थेट शाफ्टच्या टोकावर असेल, तर तो सेमी फ्लोटिंग. त्यात शाफ्ट चाक फिरवतो आणि वजनही पेलतो, म्हणून त्याच्या झिजेकडे अधिक गांभीर्याने पाहावे लागते.

पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, मागचा भाग जॅकने उचलून घोडीवर ठेवा (केवळ जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका), गिअर न्यूट्रलला आणा आणि हँडब्रेक सोडा. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खटखट जाणवली तर बेअरिंग झिजले आहे. मग एक हात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यावर ठेवून दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवा. खराब बेअरिंगची खरखर पाट्यातून हाताला लागते.

सील दोनदा बदलूनही गळण्यामागे बहुधा पुढील तीनपैकी एखादे कारण असते. सीलची कडा शाफ्टवर जिथे घासते तिथे खाच पडली असेल, तर नवे सीलही त्या खाचेतून ऑइल सोडते. नख फिरवून पाहा, अडकले तर खाच आहे. बेअरिंग ढिले असेल तर शाफ्ट डगमगतो आणि सील फार दिवस टिकत नाही. तिसरे कारण बहुतेक जण पाहतच नाहीत: हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा ये-जा करण्याची छोटी वाट. तो चिखलाने बुजला, की सोलापूरच्या उन्हात आणि भाराखाली तापलेली आतली हवा बाहेर पडायला वाट शोधते आणि ऑइलला सीलमधून ढकलते. पावसाळ्यात तापलेली गाडी ओढ्यात उतरली, की आतली हवा आकसून त्याच वाटेने पाणी ओढून घेते. म्हणून ऑइल काढल्यावर रंग पाहा: दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे. तळाच्या बोल्टच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा असणे स्वाभाविक आहे. चकाकणारे तुकडे किंवा दाताचा टवका निघाला, तर मात्र डिफरन्शियल उघडावेच लागेल.

लेथ, अक्कलकोट रोड

वेल्डिंगबद्दल माझ्या धंद्याच्या विरोधात जाऊन सांगतो: सेमी फ्लोटिंग शाफ्ट भरून घेऊ नका. या शाफ्टचा पृष्ठभाग उष्णोपचाराने कठीण केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याच्या कडेला पोलाद ठिसूळ होते, लेथवर उतरवल्यावर बाहेरून सगळे गुळगुळीत दिसते, आणि काही महिन्यांनी नेमका त्या कडेला तडा जातो. भरलेल्या गाडीचे चाक त्या एका तुकड्यावर उभे असते. बेअरिंगच्या बैठकीला पंच मारून ते घट्ट बसवण्याची पद्धतही इथे टाळलेलीच बरी, कारण पंचाने उठलेल्या टोकांवर येणारा भार लवकरच ती दाबून टाकतो. फक्त सीलच्या जागी खाच असेल आणि बेअरिंगची बैठक शाबूत असेल, तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवता येते. बैठकच झिजली असेल तर शाफ्ट नवा घ्या. बेअरिंग शाफ्टवर धरून ठेवणारी जुनी रिंग छिन्नीने फोडताना शाफ्टवर घाव पडू देऊ नका, आणि नवे बेअरिंग व रिंग हातोड्याने न ठोकता हायड्रॉलिक प्रेसवरच बसवून घ्या.

सीनाकाठ

फिटरकाका, तुमच्या सांगण्याप्रमाणे काल सगळे उघडून पाहिले. एक्सल सेमी फ्लोटिंग निघाला. शाफ्टच्या खाचेत नख स्पष्ट अडकत होते, बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर खड्डे पडले होते, बैठकही झिजली होती आणि ब्रीदर मातीने पूर्ण बुजला होता. ऑइल काळे होते, पण दुधाळ नव्हते. चुंबकावर फक्त लगदा होता. डायल गेज लावून क्राऊनच्या दातांतील मोकळीक ०.१८ मिलिमीटर आली, ती गाडीच्या पुस्तकातील मर्यादेत असल्याने डिफरन्शियल तसेच ठेवले. नवा शाफ्ट, बेअरिंग, रिंग आणि सील बसवले. लायनर दोन्ही चाकांचे बदलले. यार्डापर्यंत भरून नेऊन आणले, घरघर पूर्ण गेली. आता फक्त पुढच्या गिअरमधून रिव्हर्स टाकताना एक ‘टक’ असा आवाज येतो.

जुना फिटर (सोलापूर)

तो आवाज प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे त्याच्या फिरत्या सांध्याचा असावा. गाडीखाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून पाहा. क्रॉसच्या कपात हालचाल दिसली किंवा कपाभोवती तांबूस गंजाची भुकटी असली तर क्रॉस बदला. ऑइल गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्या दर्जाचेच घ्या आणि गाडी सपाट जागेवर उभी करून, भरण्याच्या छिद्राच्या कडेपर्यंतच भरा. पाचशे किलोमीटर झाले की डावा ड्रम एकदा काढून आतून कोरडा आहे ना ते बघा, आणि उजव्या बाजूचे बेअरिंगही त्याच दिवशी हलवून पाहा, कारण त्यानेही तेवढाच भार तेवढीच वर्षे वाहिला आहे.