नाउरूनं आपलं मत विकलं का?

धनंजय:
१३ जानेवारी २०२४ ला तैवानमध्ये निवडणूक झाली आणि दोनच दिवसांत पॅसिफिक महासागरातल्या नाउरूनं तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. २००२ मध्येही हेच केलं होतं, २००५ मध्ये परत तैवानकडे गेले. २००९ मध्ये रशियाच्या सोयीनं जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेटियाला मान्यता दिली, ते वेगळंच. २१ चौरस किलोमीटरचं बेट, पण संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताइतकंच एक मत. ते जो पैसे देईल त्याच्या पदरात टाकायचं, हे मला सरळसरळ चुकीचं वाटतं.

सुजाता:
तुम्ही गोष्ट मधूनच सुरू करताय. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडनं मिळून इथलं फॉस्फेट वर्षानुवर्षं उपसलं आणि आपापल्या शेतांना स्वस्तात घातलं. बेटाच्या मधल्या पठारावर, ज्याला तिथे टॉपसाइड म्हणतात, आज चुनखडीचे उंच सुळके तेवढे उभे आहेत. मधलं सगळं खरवडून नेलं. तिथे ना पीक घेता येत, ना घर बांधता येत. लोक किनाऱ्यालगतच्या चिंचोळ्या पट्टीत राहतात. साठच्या दशकात ऑस्ट्रेलिया सगळ्यांना क्वीन्सलंडच्या कर्टिस बेटावर हलवायला तयार होता. तिथे आपण वेगळं राष्ट्र म्हणून उरणार नाही, म्हणून नाउरूचे नेते हॅमर डीरोबर्ट आणि त्यांच्या लोकांनी नकार दिला. या लोकांना स्वातंत्र्याची किंमत कळत नाही असं कसं म्हणता?

धनंजय:
अन्याय झाला, मान्य. पण १९६८ च्या स्वातंत्र्यानंतर खाणी त्यांच्याच हातात आल्या ना? तो पैसा मेलबर्नच्या ५२ मजली नाउरू हाउसमध्ये आणि विमान कंपनीत घातला. २००४ मध्ये ती इमारत विकावी लागली. याचाही दोष ऑस्ट्रेलियाला द्यायचा का?

वैदेही:
पैसा उधळला हे खरंच, आणि भोगतेय पुढची पिढी. पण भरपाई तरी सुखासुखी मिळाली का? १९८९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जावं लागलं, तेव्हा कुठे १९९३ मध्ये ऑस्ट्रेलियानं १० कोटी ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर तडजोड केली. आणि २००१ पासून त्याच ऑस्ट्रेलियानं आपल्याकडे बोटीनं येणारे निर्वासित तिथे नेऊन ठेवले. मला सगळ्यात चीड येते ती याची.

सुजाता:
आणि मताला वजन आहे की नाही तेही बघा. चीनला मान्यता देऊन वर्ष व्हायच्या आत, डिसेंबर २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियानं करार करून पाच वर्षांत १० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची मदत कबूल केली.

धनंजय:
त्याच करारानुसार सुरक्षा, बँकिंग आणि दूरसंचारात तिसऱ्या देशाला आणायचं तर ऑस्ट्रेलियाची संमती लागते. म्हणजे उद्या चिनी बँक बेटावर आणायची झाली तर आधी कॅनबेराला विचारा. याला मी तरी नाउरूची जीत म्हणणार नाही.