नाशिकच्या वायनरी, दोन दिवस, दोघे: दहा हजारांत जमेल का?

प्रश्न (पुण्याचे दोघे)

आम्ही पती-पत्नी येत्या फेब्रुवारीत स्वतःच्या गाडीने नाशिकला जाऊन तेथील वायनरी पाहण्याचे ठरवत आहोत. एक मुक्काम आणि एकूण दहा हजार रुपये ही आमची मर्यादा आहे. पुण्याहून नाशिक सुमारे २१० किलोमीटर असल्याने, स्थानिक फिरणे धरून ५०० किलोमीटरचा प्रवास होईल. गाडी लिटरला १६ किलोमीटर जाते, तेव्हा पेट्रोललाच सव्वातीन हजार लागतील, टोल वेगळा. गंगापूर धरणाचा परिसर, दिंडोरी आणि इगतपुरी या तिन्ही बाजू पाहाव्यात असे मनात आहे. वाइनचे आम्हाला फारसे ज्ञान नाही, परंतु ती कशी तयार होते हे समजून घ्यायची मनापासून इच्छा आहे. क्रम कसा लावावा आणि खर्च कोठे वाचवावा?

उत्तर १ (नाशिककर)

तिन्ही बाजू दोन दिवसांत करू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. पेट्रोल तर जाईलच, पण प्रत्येक ठिकाणाहून निघण्याची घाई होईल. गंगापूर–सावरगाव रस्त्यावर सुला, यॉर्क आणि सोमा या वायनरी एकमेकींच्या जवळ आहेत. सुलाची स्थापना १९९९ मधली. तिची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर या परिसराचे रूपच पालटले. त्यामुळे सुरुवात तेथूनच करणे योग्य. शनिवार-रविवारी गर्दी असते आणि अनेक ठिकाणी दरही चढे असतात. मंगळवार किंवा बुधवार निवडल्यास मुक्कामाच्या खर्चातही फरक पडेल.

वाइन चाखण्याच्या एका संचात चार-पाच प्रकार थोडे थोडे देतात. दोघांत एकच संच चालेल का, हे आधी फोन करून विचारावे. वायनरीच्या आवारातील खोल्या तुमच्या हिशेबात बसणार नाहीत. शहरातील साधे लॉज घ्यावे, किंवा गंगापूर धरणाजवळच्या पर्यटन महामंडळाच्या निवासाचे दर पाहावेत. सकाळी मिसळ पोटभर खाल्ली, तर दुपारी वायनरीच्या महागड्या उपाहारगृहात जेवण्याची गरज उरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या दिवशी गाडी लॉजवरच ठेवावी आणि रिक्षा किंवा टॅक्सी जाऊन-येऊन ठरवावी. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडाचे सोडा, रात्री त्या रस्त्याने शेतकऱ्यांच्या दुचाकी आणि ट्रॅक्टर जात असतात. रिक्षाचे पैसे वाचवू नयेत.

उत्तर २ (दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार)

फेब्रुवारी हा महिना अगदी योग्य निवडला आहे. आपल्याकडे कडाक्याची थंडी नसल्याने वेल युरोपातल्यासारखा हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून आम्ही वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, म्हणजे काडी तयार होते, आणि पावसाळा सरता सरता फळ छाटणी, म्हणजे घड कोरड्या थंड दिवसांत पिकतात. हे वेळापत्रक पावसाला टाळण्यासाठी आहे. घड पावसात सापडले तर मणी तडकतात आणि कूज शिरते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च चालते, त्यामुळे द्राक्षे आत येताना, ती चिरडली जाताना आणि टाक्यांत आंबताना, सगळे एकाच भेटीत पाहता येईल. सकाळची पहिली फेरी घ्यावी.

एक सूचना. वाइनची द्राक्षे बाजारातल्या थॉमसनसारखी लांब, टपोरी आणि बिनबियांची नसतात. मणी लहान, साल जाड आणि आत बी असते. पाहुण्यांची निराशा होते, पण लाल वाइनचा रंग आणि तिचा तुरटपणा त्या सालीतून आणि बियांतूनच येतो. शेनिन ब्लाँ ही पांढरी आणि शिराझ ही लाल वाइन शेजारी शेजारी चाखल्यास हा फरक लगेच जिभेवर कळेल. वाटेत कोणाच्या बागेत शिरायचे असल्यास मालकाला विचारावे. फवारणी झालेली असू शकते, घड तोडून तोंडात टाकू नये.

उत्तर ३ (घोटीहून)

पहिल्या उत्तराशी मी बव्हंशी सहमत आहे, मात्र इगतपुरी पूर्ण सोडू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी सांजेगावला यावे; तेथे व्हॅलोन आणि ग्रोव्हर झाम्पा या वायनरी आहेत. तेथून घोटी–सिन्नर रस्त्याने सिन्नरला पोहोचलात की पुण्याचा महामार्ग मिळतो, त्यामुळे नाशिक शहरात पुन्हा शिरावे लागत नाही. चालवणाऱ्याने या दिवशी घोटभरही घेऊ नये, फक्त पाहावे. बाटली विकत घेतल्यास ती डिकीत तापू देऊ नये. जुन्या चादरीत गुंडाळून आसनाखाली सावलीत ठेवावी.

प्रश्नकर्ते

सर्वांचे मनापासून आभार. दिंडोरी या खेपेस सोडून दिली आहे. पहिला दिवस गंगापूर रस्ता रिक्षाने, दुसऱ्या दिवशी सांजेगाव, आणि तेथे गाडी माझी पत्नी चालवणार असल्याने चव मी एकटाच घेईन. गंगापूरला तिच्या वाट्याला जास्त येईल, असे आमचे ठरले आहे. चाकणची कोंडी टाळण्यासाठी पहाटे साडेपाचला निघू.