मदत हवी आहे: पेनसिल्वेनियातल्या फार्मचं गॅस लीज, सही करायची का?

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र होते, आता अडलंय म्हणून लिहितेय. आम्ही कोलंबसला (ओहायो) असतो आणि नवऱ्याच्या हौसेपायी पेनसिल्वेनियात वॉशिंग्टन काउंटीत ३८ एकरांचं जुनं फार्म घेतलंय. घर आहे, पडकं बार्न आहे, पाणी विहिरीचं, विकेंडला जातो, भाजी लावतो, ती हरणं खातात. खाली मार्सेलस शेल (गॅस असलेला खडकाचा थर) आहे हे घेताना कानावर आलं होतं, पण कोणी दारात येऊन विचारेल असं वाटलं नव्हतं. आता एका कंपनीचा लँडमन (जमिनीखालचा गॅस काढायचे करार करून घेणारा माणूस) मागे लागलाय. ऑफर अशी की एकरी २००० डॉलर बोनस, १२.५ टक्के रॉयल्टी, मुदत ५ वर्षं आणि कंपनीला वाटलं तर आणखी ५. म्हणजे सहीचेच ७६ हजार. माणूस गोड बोलतो, पण दर फोनला "शेजारच्या सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुमचीच राहिलीय, शुक्रवारपर्यंत सांगा" हे चालूच.

नवरा म्हणतो घेऊन टाकू, जमीन कुठे पळून जातेय, ते तर मैलभर खाली जाऊन आडवं ड्रिल करतात. सासरे यवतमाळहून व्हिडिओ कॉलवर बजावतात की सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढू देऊ नका (इथे सातबारा नसतो हे सांगून दमले). मला त्या बारीक अक्षरांच्या कागदाची भीती वाटतेय. १२.५ हा कायद्यानेच ठरलेला आकडा आहे असं लँडमन म्हणतो, खरं आहे का? रॉयल्टी "ॲट द वेलहेड" मोजणार म्हणजे काय? विहिरीचं पाणी नासलं तर कोणाला धरायचं? आणि घरावर मॉर्गेज आहे, बँकेला विचारावं लागतं का? कोणी यातून गेलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.

पिट्सबर्गकर:
ताई, आधी हे बघा की गॅस तुमचा आहे का. तिकडे वरची जमीन एकाची आणि खालचे हक्क दुसऱ्याचे असं सर्रास असतं, कोणीतरी पणजोबांनी १९२० साली विकताना तेल-गॅस स्वतःकडे राखून ठेवलेलं असतं. काउंटीच्या रेकॉर्डर ऑफ डीड्सकडे जुनी खरेदीखतं मिळतात, मागे मागे जात वाचा. जुन्या खतात नुसतं "मिनरल्स राखून" लिहिलं असेल तर घाबरू नका, पेनसिल्वेनियात १८८२ पासूनचा डनहॅम रूल आहे, तेल-गॅस असं स्पष्ट म्हटलं नसेल तर ते सहसा त्यात धरत नाहीत, २०१३ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हेच परत सांगितलं. आणि लीजमध्ये "टायटलची वॉरंटी मालकाची" (म्हणजे मालकी निर्वेध असल्याची हमी तुमची) असं वाक्य असतं ते खोडायला लावा, टायटल तपासायचं काम त्यांचं.

दगडफोड्या:
आपल्याकडे असतं तर प्रश्नच नव्हता, खाली तेल लागलं की रॉयल्टी राज्य सरकारच्या तिजोरीत, शेतकऱ्याला फक्त वरच्या जमिनीचं भाडं न् पिकाची भरपाई. तुम्ही भांडताय तरी कशासाठी, ७६ हजार डॉलर घ्या न् गप बसा :)

ग्रीन_काउंटीवाली:
@दगडफोड्या, बोनसकडे बघूनच सगळे फसतात हो.

ताई, १२.५ हा कायद्यातला किमान आकडा आहे, १९७९ चा कायदा आहे, त्याच्या खालचं लीज वैध नाही. पण किमान म्हणजे तेवढंच असं कुठे लिहिलंय, लोक १५, १८, कधी त्याहून जास्त मागून घेतात. खरी गोम "ॲट द वेलहेड" मध्ये आहे, म्हणजे विहिरीच्या तोंडाशी गॅसची जी किंमत तिच्यावर रॉयल्टी. गॅस विहिरीतून निघाल्यावर गोळा करणं, त्यातलं पाणी काढणं, कॉम्प्रेस करणं, पाइपलाइनने बाजारात नेणं, याचा खर्च तुमच्या वाट्यातून कापतात. २०१० साली किल्मर केसमध्ये पेनसिल्वेनियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की असा खर्च वजा करून १२.५ टक्के काढले तरी कायदा मोडत नाही. म्हणजे कागदावर साडेबारा आणि हातात किती ते स्टेटमेंट आल्यावर कळणार. आमच्या पहिल्या स्टेटमेंटला मी दोनदा कॅल्क्युलेटर लावला, वाटलं छपाईची चूक आहे.

म्हणून रॉयल्टी ग्रॉस हवी, कुठलीही कपात नाही, असं स्पष्ट लिहून घ्या. मग ते म्हणतील ठीक आहे आणि खाली हळूच "मार्केट एन्हान्समेंट" चं वाक्य घालतील, की गॅसची किंमत वाढवणारा खर्च मात्र कापू. तेच कपात मागच्या दाराने. छापील फॉर्मवर खाडाखोड करत बसू नका, वेगळी पुरवणी, म्हणजे अ‍ॅडेंडम जोडा आणि त्यात पहिलंच वाक्य असू दे की छापील मजकुराशी विसंगती आली तर अ‍ॅडेंडम खरं.

पग क्लॉज पण हवाच. तुमच्या ३८ पैकी ६ एकर एखाद्या युनिटमध्ये (शेजारपाजारच्या जमिनी जोडून केलेल्या पट्ट्यात) घेतले आणि तिथे गॅस लागला, तर पग क्लॉज नसेल तर उरलेले ३२ पण त्याच लीजमध्ये अडकतात, गॅस निघतोय तोवर, म्हणजे ५ वर्षांची मुदत नावालाच. खोलीपुरतं सुद्धा लिहा, मार्सेलस दिला तर त्याच्या बराच खाली युटिका हा दुसरा थर आहे तो स्वतःकडे ठेवा. कंपनीला तुमच्या जमिनीखाली गॅस साठवायचा हक्क असेल तर काढून टाका.

नीरजा_पाणीवाली:
नवऱ्याचं म्हणणं बरोबर असेल, गॅसची विहीर दुसऱ्याच्या जागेत मारून तुमच्या खालून आडवे जातील, पण मग तसं लिहून द्यायला सांगा ना, "नो सरफेस" लीज. नाहीतर पॅड (ड्रिलिंगसाठी सपाट केलेली जागा), रस्ता, पाइपलाइन, पाण्याचे तळे सगळं तुमच्या बार्नशेजारी येऊ शकतं.

पाण्याचं म्हणाल तर २०१२ चा ॲक्ट १३ आहे. शेल गॅसच्या विहिरीपासून २५०० फुटांच्या आत तुमची पाण्याची विहीर असेल आणि ड्रिलिंग, फ्रॅकिंग (दाबाने पाणी सोडून खडक फोडणं) वगैरे संपल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडलं तर दोष कंपनीचा असं गृहीत धरतात, नाही म्हणायचं तर पुरावा त्यांनी द्यायचा. मात्र आधी पाणी तपासायला ते आले आणि तुम्ही आत येऊ दिलं नाही तर हे संरक्षण जातं. तर त्यांना येऊ द्या, आणि स्वतःच्या खर्चाने सर्टिफाइड लॅबकडूनही करून घ्या, सॅम्पल लॅबच्या माणसानेच घ्यायला हवा, बाटलीत भरून तुम्ही पाठवलेला कोर्टात टिकत नाही. मिथेन मोजायला विसरू नका. घरापासून आणि पाण्याच्या विहिरीपासून ५०० फूट लांब राहायचा नियम आहे, तो तुमच्या लेखी संमतीने सोडता येतो, ती संमती लीजमध्ये दडलेली नाही ना ते बघा.

हिशेबनीस:
बँकेला विचारावंच लागेल, बहुतेक मॉर्गेजमध्ये परवानगीशिवाय असं लीज चालत नाही. बोनस पूर्ण उत्पन्न धरतात, त्यावर १५ टक्क्यांची डिप्लीशन (साठा संपत जातो म्हणून टॅक्समध्ये मिळणारी वजावट) मिळत नाही, ती रॉयल्टीवर मिळते. तुम्ही ओहायोत राहता तरी पेनसिल्वेनियाचा ३.०७ टक्के टॅक्स भरून तिथलं रिटर्न द्यावं लागेल, ओहायोत त्याचं क्रेडिट घ्या. फार्म "क्लीन अँड ग्रीन" (शेतजमिनीला कमी टॅक्स लावणारी तिथली योजना) मध्ये असेल तर पॅडखाली गेलेल्या भागावर ७ वर्षांचा मागचा टॅक्स व्याजासकट निघू शकतो, तो कंपनी भरेल असं लिहून घ्या. आणि सहीच्या दिवशी चेक मिळत नाही, "ऑर्डर ऑफ पेमेंट" नावाचा कागद देतात, टायटल बघून मग पैसे. तेवढ्या काळात ते मागे फिरू शकतात आणि तुम्ही नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला बसवून सगळं वाचायला लावलं. शुक्रवार आला आणि गेला, लँडमन सोमवारी परत हजर. शेजारच्या दोघांना फोन केला तर त्यांनी सही केलेलीच नाही! आता तिघं मिळून तेल-गॅसचाच वकील बघतोय. नवी ऑफर दोन प्रकारची आहे, १८ टक्के पण "मार्केट एन्हान्समेंट" ठेवून, किंवा १५ टक्के कुठलीही कपात नाही. नवरा अर्थातच १८ म्हणतोय. कुठलं घ्यावं?

ग्रीन_काउंटीवाली:
समजा ७६० एकरांचं युनिट झालं, तुमचे ३८ म्हणजे ५ टक्के. महिन्याला १० लाख डॉलरचा गॅस विकला तर १८ ने ९००० आणि १५ ने ७५००. म्हणजे कपात एक षष्ठांशाच्या वर गेली की १५ वालं जिंकलं. आणि गॅसचा भाव पडला म्हणून गोळा करणं, वाहून नेणं याचा दर पडत नाही, तो गॅसच्या मापामागे ठरलेला असतो, त्यामुळे मंदीत कपातच निम्मं खाते. मी १५ घेईन. वकिलाला ते वाक्य मात्र शब्दन् शब्द वाचायला लावा, आणि वर्षातून एकदा त्यांचे हिशेब तपासायचा हक्क पण मागा, तो ते सहसा देतात.