मदत हवी आहे: पायथन सोडून गो, रस्ट की कोटलिन?

नमस्कार मंडळी,

आमची टीम छोटी आहे आणि सगळा कोड पायथनमध्ये आहे. ठिकठिकाणाहून डेटा घ्यायचा, तपासायचा आणि पुढे पाठवायचा, असं काम. आता ते नव्याने लिहायचं ठरलंय आणि भाषा सुचवायचं काम माझ्याकडे आलंय.

वेगाचं मला फारसं पडलेलं नाही, आमचा बराचसा वेळ नेटवर्कची वाट बघण्यातच जातो. खरा त्रास 'नन'चा, म्हणजे पायथनमधल्या 'काहीच नाही' या मूल्याचा. एखादं फंक्शन कधीतरी नन परत करतं, ते चार फंक्शनं पार करून जातं आणि भलत्याच ओळीवर प्रोग्राम कोसळतो. मग मूळ शोधत मागे मागे जायचं. टाइप हिंट (कुठे कोणत्या प्रकारचं मूल्य येईल, त्याच्या नोंदी) लिहितो, त्या तपासणारं मायपायही चालवतो, पण बाहेरच्या लायब्ररीत हिंट नसल्या की तपासणी तिथेच लंगडी पडते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ मध्ये नल रेफरन्स (कशाकडेच न दाखवणारा संदर्भ, ननचाच भाऊबंद) आणला आणि २००९ मध्ये स्वतःच त्याला अब्ज डॉलरची चूक म्हटलं, ते अगदी पटतं.

म्हणून माझ्या लेखी चांगली भाषा ती, जी हे कंपाइल होतानाच, म्हणजे प्रोग्राम चालण्याआधीच, पकडते. कोटलिनमध्ये टाइपपुढे प्रश्नचिन्ह नसेल तर नल ठेवूच देत नाही. रस्टचे एरर मेसेज तर मला फार आवडतात: मूव्ह झालेलं (मूल्याची मालकी दुसरीकडे गेलेलं) व्हेरिएबल पुन्हा वापरलं, तर ते कुठे मूव्ह झालं आणि पुन्हा कुठे वापरलं, दोन्ही ओळी कंपायलर समोर मांडतो, वर अनेकदा क्लोन (प्रत) करण्याचा उपायही सुचवतो.

बाकीची टीम मात्र गोच्या बाजूने आहे, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. भाषा आटोपशीर, कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या गोएफएमटीमुळे सगळ्यांचा कोड एकसारखा, नवा माणूस पटकन रुळतो. शिवाय २०१२ च्या गो १ पासून जुना कोड चालत राहील असं आश्वासन आहे. पायथन २ वरून ३ वर जाताना झालेले हाल ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको. पण निल (गोमधला नल) तिथेही आहेच, आणि त्याचं पॅनिक (प्रोग्राम पाडणारी चूक) येतं ते चालू प्रोग्राममध्ये.

गो रोज वापरणाऱ्यांनी सांगा, प्रत्यक्षात निल किती छळतो? असे निल आधीच हुडकणारी निलअवेसारखी साधनं पुरतात का? कोटलिनवाले जावाच्या लायब्ररीतून येणारे नल कसे अडवतात? आणि पायथनमधून थेट रस्टवर गेलेली टीम कुणी पाहिली असेल, तर त्याचा बॉरो चेकर (मूल्यांच्या मालकीचे नियम तपासणारा कंपायलरचा भाग) अंगवळणी पडेपर्यंत काम किती रखडलं, तेही लिहा.