१९ महिन्यांचा झाला, हाकेला बघत नाही

माझा मुलगा १९ महिन्यांचा आहे, नावाने हाक मारली तर वळतच नाही, पण आतल्या खोलीत बिस्किटाचा पुडा उघडला की पळत येतो, म्हणजे ऐकू तर येतंय ना? गाडी चालवत नाही, उलटी करून नुसती चाकं फिरवत बसतो. काही हवं असेल तर माझं मनगट धरून फ्रिजपाशी नेतो, बोट दाखवत नाही. सासूबाई म्हणतात याचे बाबापण उशिराच बोलले. थांबू का?

मीनल_सातारा
थांबू नकोस गं. आम्ही थांबलो, 'मुलगे उशिरा बोलतात' ऐकत तीन वर्षांचा होईपर्यंत, त्याचं अजून वाईट वाटतं. बोलण्यापेक्षा बोट दाखवणं बघ. विमान दिसलं की मूल बोट दाखवतं आणि मग आपल्याकडे बघतं, तू पण बघितलंस ना म्हणून, ते आमच्याकडे कधी झालंच नाही.

बालरोग_डॉक्टर
१६ ते ३० महिन्यांसाठी ऑटिझमची (स्वमग्नतेची) शक्यता बघणारी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाचणी असते, ती करून घ्या. त्यावरून निदान होत नाही, पुढे तपासायचं का ते कळतं. पुड्याचा आवाज ऐकला तरी बेरा टेस्ट (ऐकू येतं का याची तपासणी) कराच, काही आवाज ऐकू येतात काही नाही असंही असतं. येत असलेले शब्द गेले असतील तर याच आठवड्यात दाखवा. सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीत (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र) मोफत तपासतात. थेरपीला निदानाचा कागद लागतोच असं नाही, आधी सुरू करता येते.

प्रश्नकर्ती
'टाटा' करायचा, दिवाळीनंतर बंद झालं. उद्याच जाते.