'द मास्टर' : टिंगल करत बघायची आहे, सल्ला हवा

भुईचाफा
शनिवारी रात्री पाच जण जमतोय. 1984 ची 'द मास्टर' ही अमेरिकन निन्जा मालिका लावायची आणि तिची यथेच्छ टिंगल करायची, असा बेत आहे. आधी कोणीच पाहिलेली नाही. हाताशी जेमतेम अडीच तास. कुठले भाग लावू आणि त्यात नेमकं बघायचं काय? नुसतं "काय फालतू आहे" म्हणत अडीच तास निघायचे नाहीत.

खडूस_काका
एकूण 13 च भाग आहेत, पण सगळ्यांच्या नादी लागू नका. साचा लगेच पाठ होतो. व्हॅन गावात शिरते, एखादी तरुणी अडचणीत असते, कुणा धनदांडग्याचा कशावर तरी डोळा असतो, व्हॅन चालवणारा तरुण शिष्य मॅक्स मार खातो, त्याचा म्हातारा निन्जा गुरू, म्हणजेच 'मास्टर', काळे कपडे चढवतो, व्हॅन गावाबाहेर.

भाग 1 ('मॅक्स') आणि भाग 4 ('होस्टेजेस') लावा. प्रत्येकी पाऊण तासाच्या आसपास. पहिल्यात डेमी मूर आहे, तेव्हा अगदी नवखी. तिच्या वडिलांचा छोटा विमानतळ बळकवायला क्लू गुलेगर हा नट खलनायक होऊन टपलेला. चौथ्यात जॉर्ज लेझनबी येतो, म्हणजे 1969 चा जेम्स बाँड, आणि तोही ॲस्टन मार्टिन घेऊन. पात्राचं नाव वेगळं ठेवलंय, पण गाडी सगळं सांगून टाकते. तिसरा भाग कारखान्यातल्या कामगार संघटनेचा. विषय गंभीर, त्यामुळे निन्जा आणखीच विसंगत दिसतो. वेळ उरला तरच.

सुरुवातीचं निवेदन मात्र पुढे ढकलू नका. मॅक्सच्या आवाजात अख्खी गोष्ट मिनिटाभरात उरकलीय: एकमेव अमेरिकन निन्जा, त्याने सोडलेला पंथ, कधी न पाहिलेल्या स्वतःच्या लेकीचा शोध, आणि मागावर त्याचाच जुना शिष्य ओकासा. वर बिल कॉन्टीचं संगीत, आणि तेही असं की खाली खरंच काहीतरी भव्य चाललंय.

दोन_शिट्ट्या
भागांची निवड ठीक. पण खरी गंमत सांध्यात आहे, म्हणजे मूळ नट जाऊन त्याच्या जागी डमी येतो तिथे.

मास्टर झालेला ली व्हॅन क्लीफ 1925 चा, म्हणजे प्रक्षेपणाच्या वेळी 59 वर्षांचा. सव्वासहा फुटांच्या आसपास उंची, टक्कल, आणि गुडघ्याची जुनी दुखापत. त्याच्या जागी उड्या मारतो शो कोसुगी हा जपानी नट, आणि ओकासाचं कामही तोच करतो. हाणामारीची आखणीसुद्धा त्याचीच. थोडक्यात, गुरू-शिष्याचं वैर हा बराचसा एका माणसाचा आपसातला मामला आहे.

सांधा असा पकडायचा:
- बुरखा चढला की माणूस बदलला असं समजा. उंची कमी होते, कंबर बारीक होते, चाल हलकी होते.
- लाथ संपली की लगेच डोळ्यांचा जवळून शॉट येतो. ते डोळे मूळ मालकाचे.
- उजव्या हाताचं मधलं बोट बघा. व्हॅन क्लीफच्या त्या बोटाचं टोक नव्हतं. हात जवळून दिसला आणि बोट पूर्ण असेल, तर हात उसना.

एकाने कागदावर रेघा ओढायच्या: किती वेळा माणूस बदलला. हा आकडा हळूहळू वाढत गेला की टिंगल आपोआप रंगते.

निमकी
वरच्याशी पूर्ण सहमत. बोटाचा मुद्दा माहीत नव्हता, ठ्ठो!

टिंगल कशी करायची त्याबद्दल थोडं. पाच जण एकदम बोलले की कोणाचंच ऐकू येत नाही. तिघांनी बोलायचं, दोघांनी हसायचं, दुसऱ्या भागाला अदलाबदल. संवादावर बोलू नका, वाक्य संपल्यावरच्या फटीत शेरा टाका. आठ-दहा शब्दांपेक्षा लांब शेरा पुढच्या दृश्याखाली चिरडतो. आणि शेऱ्यासाठी चित्र थांबवू नका, एकदा थांबवलंत की दर मिनिटाला थांबवाल.

मारामारीत आवाज अंगावर येतो, म्हणून मूळ आवाज आधीच निम्म्यावर आणा आणि सबटायटल्स असतील तर चालू ठेवा. चकली-चिवडा फक्त हाणामारीच्या वेळी. संवादात कुरकुर झाली की सगळंच बुडतं. तेव्हा उपमा खा.

म्हातारपणावरचा विनोद भागाला दोनदाच. "आजोबा, गुडघ्याला तेल लावा" पहिल्यांदा चालतं, नवव्यांदा आपणच आजोबा वाटतो. जपानी उच्चारांची नक्कल तर नकोच, ती मालिकेपेक्षा शिळी आहे. वस्तूंवर बोला. व्हॅनमध्ये मॅक्सचा हॅम्स्टर आहे, नाव हेन्री. सगळ्यांत संयमित अभिनय त्याचाच.

दोन_शिट्ट्या
अवांतर: कॅलिफोर्नियाच्या टळटळीत उन्हात आपादमस्तक काळा निन्जा दिसला की एवढं लक्षात ठेवा. खरे शिनोबी, म्हणजे निन्जाच, शेतकरी, फेरीवाले, भिक्षू अशा वेशात फिरायचे. लपायचं तर गर्दीसारखं दिसायला हवं. काळ्या वेशाचं मूळ बहुधा काबुकीत आहे, तिथे रंगमंचावरचे मदतनीस काळे कपडे घालतात आणि प्रेक्षक त्यांना 'न दिसणारे' मानतात. इथे पहारेकरीही तोच संकेत पाळतात. हातभर अंतरावर उभा असलेला मास्टर त्यांना दिसत नाही.

भुईचाफा
सगळ्यांचे आभार. 'मिस्टरी सायन्स थिएटर 3000' या फालतू सिनेमांची टिंगल करणाऱ्या अमेरिकन कार्यक्रमवाल्यांनीही हिची टर उडवलीय म्हणे. ते आधी बघू का?

खडूस_काका
आधी नको. त्यांनी पहिले दोन भाग जोडून 'मास्टर निन्जा 1' आणि पुढचे दोन जोडून 'मास्टर निन्जा 2' केला, दोन्ही 1992 मधले. ते आधी पाहिलेत तर शनिवारी त्यांचेच विनोद तोंडात येतील, आणि कळणारही नाही. रविवारी बघा, मग तुमचं काय निसटलं ते कळेल.

भुईचाफा
पटलं. शेवटचा प्रश्न, मास्टरला ती त्याची लेक सापडते का?

खडूस_काका
नाही. 13 भाग झाले, मालिका बंद पडली, लेक बेपत्ताच. तेव्हा चौथ्या भागानंतर टीव्ही बिनधास्त बंद करा.